नोएमीवहिनींचा वायसर

"पुन्हा मारला गचका! ऐकलंस ना? आता तरी ऐकलंस ना?"

गॅरेजच्या दारात गाडी थांबवून हिल्दार्दो खिडकीतूनच ओरडला. ऐकायचं काय त्यात! ही लाल, बुटकी, दोन दारांची जुनी स्पोर्ट्स गाडी अठरा वर्षं चढावर ॲक्सिलरेटर दाबला की आधी आवंढा गिळायची आणि मग पळायची. एलिएसेर मिस्त्रीने प्लग बदलले, पॉइंट बदलले, पेट्रोलची नळी बदलली, गुण काही येईना. सगळं मानिसालेस गाव त्याला हसायचं. हिल्दार्दो तर चारचौघांत त्याला गाढव म्हणायचा आणि पुढच्या शनिवारी गाडी घेऊन त्याच गाढवाकडे यायचा. असली ही दोस्ती!

आज मात्र त्याच्या अंगात काळा शर्ट होता. गेलेल्या बायकोसाठीची, नोएमीसाठीची, नऊ दिवसांची प्रार्थना कालच संपली होती.

"उद्या चौकातल्या नव्या गॅरेजात नेतोय," तो म्हणाला. "तिथला मिस्त्री म्हणतो, कार्बोरेटर खोलतो आणि तासाभरात सांगतो. राग मानू नकोस गड्या. नोएमीचे कपडे तिच्या बहिणीला द्यायचेत, घाट ओलांडून जायचंय. असल्या गाडीने कसा जाऊ?"

एलिएसेरने हातातला पाना खाली ठेवला. कार्बोरेटर खोलला की सगळं उघडं पडणार. परक्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं. पण वहिनींना दिलेला शब्द? त्यांना जाऊन पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते!

"उतर," तो म्हणाला. "आज सापडेल."

"आज? मग अठरा वर्षं काय माशा मारत होतास?"

एलिएसेरने बॉनेट उघडलं, एअर फिल्टर काढला. "वाकून बघ आत. मी ॲक्सिलरेटरची तार ओढतो. पेट्रोलची धार दिसते?"

"धार कसली! लाळ गळतेय नुसती."

"एकदम दाबलं की इंजिनाला ती धार लागते. ती पुरत नाही, म्हणून गचका." त्याने कार्बोरेटरच्या पंपाची पिन काढली, दांडीवरून नखाएवढा पितळी वायसर, एक भोकाची चकती, ओढला आणि दोस्ताच्या तळहातावर ठेवला. "हा दांडीला पुरतं खाली जाऊ देत नव्हता."

"हा आला कुठून?"

"मी घातला."

हिल्दार्दोने वायसर बोटांत धरून उलटसुलट केला.

"घाटात ट्रकच्या पुढे घुसताना तू तीन बरगड्या मोडून घेतल्यास. त्याच आठवड्यात वहिनी आल्या. म्हणाल्या, भाऊजी, गाडी विकली तर हा झुरून मरेल, ठेवली तर आपटून मरेल. असं काहीतरी करा, की ह्याचा तिच्यावर भरवसाच बसू नये."

"आणि तू केलंस? अरे मेल्या, मी गावभर तुला गाढव म्हणत हिंडलो!"

"हिंडलास. वाईट वाटायचं रे. पण अठरा वर्षांत तू एकाही ट्रकच्या पुढे गेला नाहीस."

एलिएसेरने सगळं परत बसवल्याबरोबर हिल्दार्दोने आत बसून धाडकन दार लावलं आणि गाडी सुसाट चढावर गेली. गचका नाही, काही नाही. एलिएसेर दारात उभा राहून आवाज ऐकत होता. वळणावरही जोर कमी झाला नाही. हे मी काय करून बसलो, देवा! दोस्ती गेली तर गेली, पण हा जिवंत येऊ दे.

वीस मिनिटांनी गाडी सावकाश परत आली.

"कशी पळाली?" एलिएसेरने भीत भीत विचारलं.

"सैतानासारखी." हिल्दार्दोचे डोळे लाल झाले होते. "वर दुधाचा ट्रक लागला. समोर रस्ता मोकळा, गाडी तयार. पण पाय दाबेना रे! चर्चपर्यंत त्याचा धूर खात गेलो. बाई गेली, पण ब्रेक काही सोडत नाही बघ."

दोघेही हसले.

"बस गाडीत," हिल्दार्दो म्हणाला. "जिथे तुला गाढव म्हणालो, तिथेच सगळ्यांना खरं सांगतो."

"नको. वहिनींचं नाव निघेल. राहू दे मला गाढव."

"मग निदान कॉफी तरी पी माझ्याबरोबर. बस."

एलिएसेरने हात पुसले आणि तो शेजारच्या सीटवर बसला. सीट पार पुढे ओढलेली होती; नोएमी ठेंगणी होती ना! त्याचे गुडघे डॅशबोर्डवर आदळले. सीट मागे सरकवायला त्याने खाली हात घातला. हिल्दार्दो गाडी सुरू न करता समोर बघत राहिला होता.

एलिएसेरने सीट तशीच ठेवून हात वर घेतला, गुडघे तिरके केले आणि म्हणाला, "चल, बसलो मी नीट."