कोरडा कापूस

मुलांच्या वॉर्डात मैनाला एक नाव पडलं होतं, झोपवणारी सिस्टर. खरं तर ती अजून सिस्टर नव्हती. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, लोणी काळभोरची. पण हातपाय झाडणारं मूल तिच्या खांद्यावर आलं, की आत्या उसाच्या बांधावर गुणगुणायची ती ओवी तिच्या ओठांवर यायची.

सांज उतरली
उसाच्या पाचटी
नीज माझ्या पाठी
येते बाळा

आणि नीज खरंच यायची, पाळलेल्या वासरासारखी, मागोमाग.

वॉर्डाच्या इन्चार्ज कौशल्या सिस्टर मात्र या कौतुकात कधी सामील झाल्या नाहीत. "गळा छान आहे हो आपला," त्या एकदा म्हणाल्या, "पण इथे आकाशवाणी नाही चालवत आपण. रडणारं मूल त्याचं काम करत असतं. ते गप्प झालं, की तुमचं काम सुरू होतं." मैनाने मान हलवली होती, पण आतून ती रुसलीच होती.

त्या दिवशी सकाळी सार्थक आला. आठ महिन्यांचा, जुलाब-उलट्यांनी वाळलेला. त्याची आई दीपाली हिंजवडीच्या शेतकरी घरातली. वडिलांचं भाताचं खाचर होतं तिथे आता काचेची कंपनी उभी होती, आणि दीपाली त्याच कंपनीत कॉम्प्युटरवर बसायची. गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी तशीच होती. काढायचं भान राहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी सार्थकचे हात चाचपले, पाय चाचपले. "डोक्याची शीर घेऊ," ते म्हणाले. "कानावरचे थोडे केस काढावे लागतील."

दीपालीने दोन्ही तळवे बाळाच्या डोक्यावर ठेवले. "केस नको डॉक्टर. जावळ व्हायचंय त्याचं. जेजुरीला, मामाच्या मांडीवर. माझा भाऊ दिवाळीत येतोय अमेरिकेहून. तोवर पात्याचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, असं बोललोय आम्ही देवाला."

मैनाला ते पोटातून कळलं. तिच्या घरीही जन्माचे केस असेच जपायचे. ती हळूच म्हणाली, "सिस्टर, डाव्या हाताला एक शीर दिसती हाय. तिथं बघायचं का?"

कौशल्या सिस्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "दिसतेय ना? मग ती सांभाळणं तुमच्याकडे."

दुसऱ्या टोचणीला शीर मिळाली. मैनाने औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर इवलासा हात ठेवून पट्टी गुंडाळली. सलाईन थेंब थेंब पडू लागलं. दीपालीने तिचा हात धरला. "तुमच्यामुळे वाचलं हो जावळ."

दुपारी कौशल्या सिस्टर पलीकडच्या कोपऱ्यात एका दम्याच्या मुलीपाशी अडकल्या होत्या. सार्थक रडायला लागला. थांबेचना. पुठ्ठ्याचा हात उशीवर आपटायचा, पुन्हा ओढून घ्यायचा. "भूक लागली असेल," दीपाली म्हणाली. "नाहीतर झोप. बघा ना जरा. तुमचं ऐकतात म्हणे सगळे."

मैनाने कापसाने त्याचे डोळे पुसले. "बघा, पाणीसुद्धा नाही डोळ्यांत," ती हसली. "नुसता हट्ट." मग ती त्याच्यावर वाकून ओवी म्हणू लागली. सार्थकचा आवाज खाली आला, मग धागा व्हावा तसा बारीक झाला, मग तुटला. दीपालीनेही खाटेच्या दांडीला कपाळ टेकवलं.

वॉर्डात पंखा फिरत होता. मैना समाधानाने उभी राहिली आणि हातातला कापूस टाकायला वळली.

कापूस कोरडा होता.

तिने तो बोटांत चुरडला. किती वेळ रडला होता हा? मग डोळ्यांतलं पाणी गेलं कुठे?

ती सार्थककडे बघू लागली. पापण्या पुरत्या मिटल्या नव्हत्या. खाली पांढरी रेघ दिसत होती. ओठ पापुद्र्यासारखे. सलाईन तर पडत होतं. थेंब, आणि थेंब. मग ते जातंय कुठे? आपण बोलावलं म्हणून काहीतरी आलं होतं खरं. पण ती नीज होती का?

तिने त्याच्या तळपायाकडे बोट नेलं.

"अहो, नको," दीपाली डोकं वर न करता कुजबुजली. "आता कुठे डोळा लागलाय."

मैनाचं बोट तसंच थांबलं. उठला, तर ही आई चिडेल, वॉर्ड हसेल. उठला नाही, तर? त्या दुसऱ्या विचाराच्या कडेवर ती क्षणभर उभी राहिली, विहिरीत डोकावल्यासारखी. मग तिने तळपायावर टिचकी मारली.

पाय हलला नाही.

पुन्हा मारली. जोरात. पाय तिच्या हातात तसाच, एखाद्याने ठेवायला दिलेल्या वस्तूसारखा.

"सिस्टर." तिने कोपऱ्याकडे वळून हाक मारली. "सिस्टर, इकडे या."

कौशल्या सिस्टर आल्या. काही न विचारता त्यांनी पुठ्ठ्याची पट्टी सोडली. हात कणकेच्या गोळ्यासारखा फुगला होता. सुई शिरेतून निसटली होती. सलाईन कातडीखाली साठत होतं, आणि बाळ तहानलेलंच होतं. तो दुखऱ्या हाताने तेच सांगत होता, आणि मैनाने त्याला गाऊन गप्प केलं होतं.

"डॉक्टरांना बोलवा," सिस्टर म्हणाल्या. "मैना, ब्लेड."

मैनाने दीपालीकडे पाहिलं. दीपाली सार्थकला नावाने हाका मारत होती. मग तिने स्वतःच त्याचं डोकं कुशीवर वळवलं आणि धरून ठेवलं. "काढा," ती म्हणाली. "देवाला मी सांगीन."

मैनाने ब्लेड टेकवलं. कानावरचं मऊ, काळं जावळ पात्याखाली सुटून येत होतं. ती ते गॉजवर ठेवत गेली, एकही केस जमिनीवर पडू न देता. सार्थक रडला नाही. डॉक्टरांनी सुई घातली, तरी रडला नाही. सिरिंजने सलाईन आत ढकललं गेलं, पुन्हा ढकललं गेलं. मैना मनात एकच म्हणत होती, रड. रड माझ्या राजा. आयुष्यात पहिल्यांदा ती बाळाला झोपेतून मागे ओढत होती, आणि त्यासाठी तिला एकही ओवी येत नव्हती.

पंखा फिरत होता.

मग कुठूनतरी एक चिरका, किरटा आवाज आला. सार्थकचं तोंड वाकडं झालं. तो रडू लागला.

शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "मैना, घे की गं त्याला. गा जरा."

मैनाने नकारार्थी मान हलवली. कौशल्या सिस्टर बाटलीचे थेंब बघत म्हणाल्या, "गाऊ नका, ऐका."

ती ऐकत राहिली. तिन्हीसांजेला सार्थकचं रडणं पुन्हा हळू झालं, आणि थांबलं. दीपालीच्या मुठीत जावळाची पुडी होती. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मैनाने डोक्याची पट्टी पाहिली, मग वाकून त्याच्या तळपायावर बोट टेकवलं.

पाय चटकन मागे गेला, रागावल्यासारखा. मैना खाटेला धरून खाली बसली.