वरचा वारा, खालचा वारा

सावळीराम भाजीची वाटी घेऊन जिन्याच्या मधल्या पायरीवर थबकले. वाटीबरोबर वर एक निरोपही न्यायचा होता.

"बाईंना सांगा, काल तुमच्या कुंड्यांचं पाणी माझ्या नागलीच्या पापडांवर पडलं," खालून लताबाई म्हणाल्या. "नाहीतर नेहमीसारखं गिळून टाकाल."

सकाळी शेजारची योगिनी येऊन गेली होती. "वरच्या मोठ्या काकूंच्या हातचं लोणचं काय झालंय हो," असं तिने तोंड भरून सांगितलं होतं. तो निरोप मात्र वर निघाला नाही. तो खालीच जिरला.

सिडकोतल्या या दुमजली घराची हवा पहिल्यापासून अशीच होती. खाली सावळीराम आणि लताबाई, वर थोरल्या वहिनी, गोजराबाई. वहिनींचं मन भरभर पालटायचं. आज लतासारखी जाऊ मिळायला भाग्य लागतं, आणि पंधरा दिवसांत तिचं तोंडही बघायला नको. लताबाईंचं तसं नव्हतं. त्या खुशीत असल्या की वर्ष वर्ष खुशीत, आणि बिनसलं की तेही तितकंच टिकाऊ. ओझरच्या कारखान्यात विमानांचे भाग बिनचूक जोडण्यात सावळीरामांची नोकरी सरली होती, पण या दोघींची खुशी एका दिवशी जुळवणं त्यांना काही जमलं नव्हतं. थोरले बंधू सोमादादा होते तोवर त्याचंही काही वाटायचं नाही. वर आणि खाली एकदम बिनसलं की दोघे भाऊ याच मधल्या पायरीवर येऊन बसत आणि आवाज दाबून हसत. दादा कठड्याकडे, सावळीराम भिंतीकडे. दादा गेले आणि ते हसणंही गेलं.

आता तर वरचा मजलाच रिकामा होणार होता. सोमवारी वहिनींचा मुलगा अमोल गाडी घेऊन येणार आणि त्यांना कायमचं पुण्याला नेणार. वहिनींनी जायला नकार दिला नव्हता, कारण खालून कुणी राहा म्हटलं नव्हतं. आणि लताबाई का म्हणतील? "जायचं ठरवताना मला विचारलं का त्यांनी?" सावळीरामांनी स्वतः म्हणून पाहिलं, तर वहिनी म्हणाल्या, "तुम्ही म्हणणारच भाऊजी. पण घर बायांचं असतं." त्या दिवसापासून त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

त्यातच रविवारी विहारात तेजलचा सत्कार ठरला होता. त्यांच्या मुलीला पीएच.डी. मिळाली होती, आणि तिने नेमकं काय शोधलं ते वडिलांनी चार शब्दांत सांगावं, असं कमिटीचं म्हणणं होतं. शनिवारी तेजल घरी आली तेव्हा त्यांनी जेवताजेवताच विषय काढला.

"बाबा, विषुववृत्तावर ढगांच्याही खूप वर एक वारा असतो. पूर्वेकडून वाहता वाहता तो पुढे पश्चिमेकडून वाहायला लागतो, मग पुन्हा पूर्वेकडून. एका फेरीला सव्वादोन-अडीच वर्षं लागतात. त्याच्याही वर दुसरा एक आहे. त्याची फेरी सहा महिन्यांतच होते. हे दोघं एकमेकांवर काय परिणाम करतात, ते माझं काम."

"भेटतात कुठं पण ते?"

"सांगते. खालून, मोठमोठ्या ढगांमधून, हवेच्या लाटा वर निघतात. खालचा वारा स्वतःच्या दिशेच्या लाटा मधेच जिरवून टाकतो. उलट्या दिशेच्या तेवढ्या वर सोडतो. म्हणून वरच्याला धक्का बसतो तो बहुतेक उलटाच."

सावळीरामांचा घास हातातच राहिला. त्यांना लोणचं आठवलं आणि मग पापड आठवले.

"आणि वरचा? तो काय करतो?"

"तो पालटला की त्याची दिशा हळूहळू खाली उतरते. खालच्याची पुढची फेरी तिथूनच सुरू होते. आम्ही कॉम्प्युटरवर वरचा वारा काढून बघितला बाबा. खालच्याची सगळी लय बिघडली."

सावळीराम इतके हसले की त्यांना ठसका लागला. का हसले ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

रविवारी वंदना झाली आणि ते माइकपुढे उभे राहिले. हातात तेजलने लिहून दिलेला कागद होता. पहिल्याच ओळीतल्या 'स्थितांबर' या शब्दावर त्यांची जीभ दोनदा अडखळली. समोर दोघी जावा बसल्या होत्या, मध्ये एक खुर्ची मोकळी ठेवून. सावळीरामांनी कागदाची घडी करून खिशात घातली.

"जय भीम. मुलीचा विषय अवघड आहे, पण तो आमच्याच घरातला निघाला," ते म्हणाले. मग त्यांनी वरचा मजला सांगितला, खालचा सांगितला, आणि कुठले निरोप जिन्यात चढतात नि कुठले, योगिनीच्या लोणच्याच्या निरोपासारखे, खालीच जिरतात तेही सांगितलं. लोक पोट धरून हसायला लागले. लताबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"मुलीने वरचा वारा काढून बघितला, तर खालचा बिघडला," सावळीराम शेवटी म्हणाले. "उद्या तोच प्रयोग आमच्या घरी आहे. मला गणित येत नाही. पण खालचं काय होणार ते मला आजच दिसतंय."

ते खाली बसले. तेजल डोळे पुसत होती. पुढच्या दोन चेहऱ्यांकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही.

घरी येईपर्यंत त्यांच्याशी कुणी बोललं नाही. दारातून गोजराबाई जिन्याकडे वळल्या नाहीत. तशाच आत येऊन ओट्याजवळ उभ्या राहिल्या.

"बघितलंत बाई? भर विहारात आपलं घर मांडलं ह्यांनी," लताबाई म्हणाल्या.

"मी बघितलं. आणि योगिनीने लोणच्याचं काय सांगितलं होतं गं?"

लताबाई ताट घ्यायला वळल्या. "चांगलं झालंय म्हणाली. खरंच चांगलं झालंय. बसा तुम्ही, वाढते. ह्यांना आज इथं ताट नाही."

"जिन्यात बसून जेवतील. तिथलंच सगळं माहीत असतं त्यांना." गोजराबाईंनी फोन काढून कानाला लावला. "अमोल, उद्या येऊ नको रे. परवाही नको. तुझा काका एकट्या लताला नाही आवरायचा."

लताबाईंनी त्यांच्यापुढे पाट सरकवला. मग दुसरं ताट वाढून नवऱ्याच्या हातात दिलं. त्यात लोणच्याची फोड जरा मोठीच होती.

सावळीराम ताट घेऊन जिना चढले. खालून दोघींचं आणि तेजलचं हसणं एकदमच वर येत होतं. मधल्या पायरीवर ते बसले, मग सवयीने भिंतीकडे सरकले, कठड्याच्या बाजूला एका माणसापुरती जागा सोडून.