तुरतुऱ्याचं पडणं

"आजपासून फुटबॉल ही फक्त माणसाची मिरास राहिलेली नाही!" बाईंनी हात उंचावून जाहीर केलं, आणि त्यांच्या पाठीमागे तुरतुऱ्या धपकन आडवा झाला.

भाषण सरावाचं होतं म्हणून अब्रू वाचली. खरं भाषण दुपारी तीनला, संस्थेच्या समितीसमोर. आत्ता साडेदहा वाजले होते आणि हॉलमध्ये श्रोता एकच, बाईंचे वडील. तीस वर्षं फुटबॉलचे पंच होते. निवृत्त होऊनही दोन माणसं भांडताना दिसली की ते मध्ये जाऊन उभे राहायचे.

तुरतुऱ्या म्हणजे चार पायांचं, मांजरापेक्षा मोठं आणि मांजराइतकंच आज्ञाधारक यंत्र. त्याला चेंडू खेळायला शिकवण्यात बाईंची तीन वर्षं गेली होती. आज तो नीट खेळला तर हॉल बाईंकडे राहणार होता, नाहीतर तिथे जुन्या फायलींचे गठ्ठे येणार होते. फायली एका जागी स्वस्थ बसतात, त्यामुळे समितीतल्या बऱ्याच जणांचा कल त्यांच्याकडे होता.

"फरशीच गुळगुळीत आहे," तुरतुऱ्याला उचलून उभं करत बाई म्हणाल्या. "तीन आठवडे हेच चाललंय. पायांना नवं रबर लावलं, मोटर बदलली..."

"फरशीला कशाला बोल लावतेस?" वडील म्हणाले. "तो मुद्दाम पडतोय."

"बाबा, ते यंत्र आहे. त्याला मुद्दाम काही करता येत नाही."

"तीस वर्षं हेच ऐकत आलो. 'साहेब, मी मुद्दाम नाही पडलो.' जरा नीट बघ. त्याला कुणी धक्का दिला? नाही. पाय अडकला? नाही. चेंडू मागे गेला, पळावं लागणार असं दिसलं की स्वारी लोळण घेते. तीसुद्धा बाजू निवडून! कार्ड खिशात असतं तर पिवळं दाखवलं असतं."

बाईंना राग आला. पण दहा वेळा चेंडू तुरतुऱ्याच्या मागे ढकलून पाहिला, तेव्हा तो दहाही वेळा पडला, आणि दहाही वेळा डावीकडेच. आता रागाला कारण उरलं नाही, म्हणून बाई संगणकाकडे वळल्या.

तुरतुऱ्या खेळ शिकला होता तो संगणकातल्या खोट्या मैदानावर. तिथे त्याच्या चार हजार प्रती एकाच वेळी खेळायच्या, चुकायच्या, गुण कमवायच्या. एखादा पडला की वेळ वाया जाऊ नये म्हणून संगणक त्याला अलगद उचलून थेट त्याच्या गोलसमोर उभा करायचा. हा नियम बाईंनीच लिहिला होता, आणि लिहिताना स्वतःवर खूशही झाल्या होत्या. आता त्यांनी हिशेब मांडला. चेंडू निसटल्यावर गोलपर्यंत पळत यायला सहा सेकंद लागत होते. पडायला अर्धा सेकंद पुरायचा.

"हुशार आहे गं," मागून डोकावत वडील म्हणाले. "आमच्या वेळी पडणाऱ्याला निदान कळवळायचे तरी कष्ट होते."

बाईंनी नियम खोडला. नवा लिहिला: जो जिथे पडेल, तो तिथेच राहील, आपला आपण उठेल. मग चार हजार तुरतुऱ्यांना पुन्हा मैदानात सोडलं. पहिली काही मिनिटं पडद्यावर चार हजार जण आडवे पडून, रजेचा अर्ज मंजूर व्हायची वाट बघावी तसे निवांत होते. कुणी उचलायला येईना. मग एकाने पाय झाडला. दुसरा कुशीवर वळला. तिसरा उठला आणि परत पडला. दुपारचे दोन वाजेपर्यंत त्यांचा काही वर्षांचा खेळ खेळून झाला होता. ते शिकलेलं सगळं बाईंनी खऱ्या तुरतुऱ्यात भरलं आणि भाषणातलं पहिलं वाक्य खोडून टाकलं.

तीन वाजता समिती आली. अध्यक्ष वजनदार गृहस्थ होते, सगळ्याच अर्थांनी. चेंडू सुटला, तुरतुऱ्याच्या पायांतून मागे गेला. तुरतुऱ्या पडला नाही. गर्रकन वळला, तुरुतुरु धावला, आणि त्या धावण्याच्या भरात घसरून सपशेल आपटला.

एका सभासदाने दुसऱ्याच्या कानात "फायली" एवढंच म्हटलं.

"हा खरा पडला," वडील मोठ्याने म्हणाले. "खेळ चालू!"

तुरतुऱ्याने एक पाय टेकला. तो सरकला. दुसरा टेकला. मग पोट उचललं, डुगडुगला, पुन्हा बसला. अध्यक्ष खुर्चीतून उठले, जवळ आले आणि त्याच्यासमोर चक्क उकिडवे बसले. "ऊठ, ऊठ बाळा," ते पुटपुटले. तुरतुऱ्या चारही पायांवर उभा राहिला आणि अध्यक्षांना वळसा घालून चेंडूमागे निघून गेला.

"वा!" अध्यक्षांनी बसल्या जागी कागद मागवला, मांडीवर ठेवून सही ठोकली. "हॉल तुमचाच. फायलींची सोय दुसरीकडे बघू."

बाईंचे डोळे भरून आले. या क्षणाला साजेसं काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी हात उंचावला.

"भाषण नंतर करा," अध्यक्ष खालून म्हणाले. "आधी तो हात जरा इकडे द्या. मला उठता येत नाहीये."