'वाइल'चं कार्ड बाहेर आहे

शेवटी जर्मन शब्दांच्या कुळकथांचा कोश 'वाइल' या शब्दाशिवायच छापून आला. पण असं काही झालेलंच नाही, असं संपादकसाहेबांनी सगळ्यांना तोंडी कळवलं आहे. तेव्हा आपणही ते झालेलं नाही असं धरून शुक्रवार सकाळपासून सुरुवात करू.

"मास्तर, घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?" साहेबांनी विचारलं. साहेब वयाने, शब्दांच्या कार्डांचे खण सांभाळणाऱ्या कार्डमास्तरांच्या भाच्याएवढे. पण खुर्ची आधीच्या संपादकांच्या मापाची होती, त्यामुळे ते तिच्यात अर्धे बुडालेले असत.

"'वाइल'चं कार्ड बाहेर आहे, साहेब."

"कधीपासून?"

"एकोणीस वर्षं झाली."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, जणू त्यातून काही कमी करून मिळेल.

त्या कचेरीत एकच नियम खरोखर पाळला जाई. खणातून कार्ड नेलं की त्याच्या जागी गुलाबी चिठ्ठी ठेवायची. तीवर सही आणि परतीची तारीख. कार्ड येईपर्यंत त्या शब्दाला कुणी हात लावायचा नाही. एकदा आग लागली, तेव्हा खण बाहेर काढणाऱ्या बंबवाल्यांकडूनही कार्डमास्तरांनी चिठ्ठ्या भरून घेतल्या होत्या.

'वाइल'च्या जागी तपासनीसबाईंची चिठ्ठी होती. बाई कार्डमास्तरांच्या समोरच्याच टेबलावर बसत. शिंक आली तरी आधी चष्मा काढून ठेवत. त्यांचे वडील दूर गावी अंथरुणाला खिळले, तेव्हा ते कार्ड प्रवासात तपासायला म्हणून त्यांनी पर्समध्ये टाकलं आणि परतीच्या तारखेपुढे लिहिलं, 'वडील आहेत तोवर'. दुसऱ्या कुणाची असती तर कार्डमास्तरांनी ती चिठ्ठी तोंडावर परत केली असती. बाईंना ते "बरं" म्हणाले. आणखी बरंच म्हणायचं होतं. ते त्या परत आल्यावर म्हणू, असं त्यांनी ठरवलं.

"नवं कार्ड लिहा की," साहेब म्हणाले. "येतं ना तुम्हाला?"

येत होतं. तोंडपाठ होतं. "आज त्याचा अर्थ 'कारण', साहेब. पण मुळात ते नाम. थोडा वेळ, थोडा काळ. पुढे झालं 'असेतो', 'तोवर'. आणि मग हळूहळू 'कारण'. इंग्रजीतला 'व्हाइल' त्याचा सख्खा चुलतभाऊ, तो अजून वेळेपाशीच रेंगाळलाय. डॅनिश 'वीले', स्वीडिश 'वीला', म्हणजे विसावा घेणं. जुन्या नॉर्समध्ये तर चक्क बिछाना."

"म्हणजे सगळं खानदान आडवं, आणि आपला एकटा कारणं देत बसलाय," साहेब म्हणाले. "लिहून टाका. सोमवारी छपाई. कार्ड नसेल तर शब्द गळणार."

"आणि चिठ्ठी?"

"फाडा."

चहा घेऊन आलेल्या मावशींनी हे ऐकलं. साहेब गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "मास्तर, बाईंचे वडील जाऊन अकरा वर्षं झाली. सांत्वनाचं पत्र तुम्हीच टाकलंत. पाकीट मी चिकटवलंय."

"उत्तर यायचंय अजून."

"येईल. पोस्टमन रांगत निघालाय बहुतेक." असं म्हणून मावशींनी बशीत एक बिस्किट जास्तीचं ठेवलं.

दुपारी कार्डमास्तरांनी नवं कार्ड लिहिलं. इतकं नेटकं, की चूक काढायला बाईच हव्या होत्या. मग त्यांनी खण ओढला. चिठ्ठीचा गुलाबी रंग जवळजवळ उडाला होता. शाई मात्र टिकली होती. गाडी गाठायची होती म्हणून बाईंचा 'तोवर' चौकटीबाहेर गेला होता. कार्डमास्तरांनी नवं कार्ड घडी घालून खिशात टाकलं, खण अलगद बंद केला आणि पेन उघडलं.

'मा. संपादक यांस,

विषय: कार्ड परतीच्या मुदतवाढीबाबत.

महोदय, 'वाइल'चे कार्ड नेणाऱ्या बाईंनी नोंदवलेली मुदत अकरा वर्षांपूर्वी संपली आहे, याची अर्जदारास पूर्ण कल्पना आहे. तरी विनंती की, सदर मुदत बाई परत येईपर्यंत, आणि त्या येणार नसल्यास अर्जदार आहे तोवर, वाढवून मिळावी. तसेच समोरचे टेबल हलवू नये.'