उपाशीपोटीचा एक तास

नामदेवराव वीज खात्यातून निवृत्त झाले, त्यांची शिस्त मात्र झाली नाही. पहाटे साडेपाचला ते बायकोला, चारुलताबाईंना, उठवत आणि तळहातावर दोन गोळ्या ठेवत. एक थायरॉइडची, एक लोहाची. वर दुधाचा चहा.

"अगं, असा नवरा अख्ख्या नारायणगुड्यात दुसरा दाखव!"

नव्हताच. म्हणून तर वर्षभर बाईंचा थकवा हटत नव्हता. जिना चढताना मध्येच बसावं लागे. त्यात सहाला सुनेचा डबा, सातला नातीची वेणी, आठला पूजेची फुलं. घरचे म्हणत, "बसून बसून अंग जड झालंय." बाई कधी बसल्या होत्या, ते कुणाला आठवत नसे.

कोठी भागातल्या दवाखान्यात डॉक्टर योगिनींनी रिपोर्ट पाहिला.

"फेरिटिन आठ. लोहाचा साठा तळाला गेलाय. आणि या अँटिबॉडीज. शरीर आपल्याच थायरॉइड ग्रंथीवर तुटून पडलंय."

"घरचेच," चारुलताबाई म्हणाल्या.

"गोळ्या कशा घेता?"

नामदेवरावांनी अभिमानानं सांगितलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"लोह थायरॉइडची गोळी अंगी लागू देत नाही, आणि चहा लोहाला लागू देत नाही! थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर. नंतर तासभर काही खायचं नाही, चहा तर नक्कोच. लोहाची चार तासांनी."

नामदेवराव स्कूटर काढायला पुढे गेले होते. बाईंनी त्यांना गाठून सांगितलं, "डॉक्टर मागून म्हणाल्या, तो तासभर पडूनच राहायचं. उठलं की गोळी लागू पडत नाही."

बत्तीस वर्षांच्या संसारातलं हे त्यांचं पहिलं धडधडीत खोटं.

दुसऱ्या दिवसापासून नामदेवराव दारात खुर्ची टाकून, हातात घड्याळ घेऊन बसले. सून वैशाली डोकावली, "आई, डबा..."

"अजून पन्नास मिनिटं," नामदेवराव म्हणाले.

बाईंनी कूस बदलली.

"डावीकडे चालतं का? विचारायचं राहिलं. उताणीच राहा."

"मला बाथरूमला जायचंय."

"आणि गोळी?"

बाई पंख्याकडे बघत राहिल्या. पंखा निदान फिरत तरी होता.

तीन महिन्यांनी फेरिटिन बावीसवर आलं.

"रोज साठ मिनिटं हलू देत नाही," नामदेवराव डॉक्टरांना म्हणाले. "तुम्ही सांगितलं तसं. दारात बसून असतो."

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. बाई भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागल्या.

"दीड तास करा," डॉक्टर म्हणाल्या. "आणि पहारा नक्को. तेवढ्या वेळात डबे तुम्ही भरा."

नामदेवरावांनी निमूटपणे वहीत लिहून घेतलं.

"आणि बाथरूम?" चारुलताबाईंनी हळूच विचारलं.

डॉक्टरांनी गंभीरपणे विचार केला.

"चालेल," त्या म्हणाल्या.