पाहुण्याचं रिकामं ताट

माझ्या नवऱ्याने, म्हणजे पुरुषोत्तमने, आठ दिवस चॉपस्टिक्सने शेंगदाणे उचलायची प्रॅक्टिस केली आणि शेवटी टेबलावर निघाले काय, तर चमचे नि काटे! थाई माणसं भात चमच्याने खातात, हे आमच्या लेकीने, आश्लेषाने सांगितलं गाडीतून उतरताना. त्याचा चेहरा असा पडला की मला परक्याच्या दारात हसू आवरेना.

खरं तर ही हसायची वेळ नव्हती. आश्लेषाला तवान या थाई मुलाशी लग्न करायचं होतं आणि तवानच्या आईने, सुदाताईंनी, अजून हो म्हटलं नव्हतं. "आधी त्यांना जेवायला आण, मग बघू," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. म्हणजे परीक्षा आमची. टेक्ससमधल्या प्लेनोच्या त्या उन्हात मी कांजीवरम नेसून उभी होते, माझं डोकं आधीच तापलेलं.

"बाबा, लिसन," आश्लेषा पायरीवर कुजबुजली. "काटा तोंडात नाही घालायचा. काट्याने चमच्यात ढकलायचं. आणि एका वेळी एकच डिश, दोनच चमचे. सगळं एकदम वाढून घेऊ नका, प्लीज."

"मी काय पहिल्यांदा जेवतोय का?" पुरुषोत्तम फुगला.

वयाने मोठा म्हणून पहिला घास त्यालाच घ्यायला लावला. हिरवी करी, कच्च्या पपईचं सॅलड, केळीच्या पानात वाफवलेला मासा, आणि घरभर मासळीच्या सॉसचा वास. पण हा पडला नागपूरचा, तिखटाला काय भिणार! नाक पुसत पुसत त्याने ताट लख्ख केलं. पानात शीत टाकायचं नाही, हे त्याच्या आईने धपाटे घालून शिकवलंय.

सुदाताईंनी लगेच भात वाढला. याने संपवला. त्यांनी पुन्हा वाढला, याने पुन्हा संपवला. नको म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल, असं याचं म्हणणं. मी टेबलाखालून लाथ मारली, ती तवानला लागली. चौथ्या ताटाला याने गुपचूप पट्टा सैल केला.

तेवढ्यात तवान आश्लेषाच्या कानाशी लागला आणि ती खुर्चीवरून पडायचीच बाकी राहिली.

"बाबा," ती हसू दाबत मराठीत म्हणाली, "यांच्याकडे प्लेट रिकामी म्हणजे गेस्टचं पोट भरलं नाही! थोडं टाका, नाहीतर त्या थांबणारच नाहीत."

"टाकू? अन्न?"

"टाक रे," मी म्हणाले. "पोरीच्या लग्नासाठी दोन घास टाक."

पाचव्या ताटात त्याने दोन चमचे भात ठेवला आणि चमचा खाली ठेवला. इतकं दुःखी मी त्याला सासरेबुवा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. त्याने चमचा ठेवलेला पाहून सुदाताईंनी भातवाढी बाजूला ठेवली. आम्ही सुटलो!

मग त्या सावकाश इंग्रजीत बोलू लागल्या.

"तवान शाळेत डबा उघडायचा तेव्हा मुलं नाक धरून पळायची. पोरगा डबा तसाच परत आणायचा. मी ठरवलं होतं, माझं जेवण जे ताटात टाकतील त्यांच्या घरात मुलगा द्यायचा नाही. पण तुम्ही तर एक शीतसुद्धा..."

बोलता बोलता त्यांची नजर ताटाकडे गेली. आमचीही गेली. दोन चमचे भात तिथेच होता. आश्लेषाने तवानचा हात घट्ट धरला.

पुरुषोत्तमने कुणाकडे पाहिलं नाही. चमचा उचलला, काट्याने शेवटचं शीतसुद्धा त्यात ढकललं, डोळे मिटले आणि गिळलं. मग ते चकचकीत ताट त्याने दोन्ही हातांनी पुढे केलं.

"वाढा, सुदाताई," तो मराठीतच म्हणाला.

त्यांना एक अक्षर कळलं नसेल. पण खळखळून हसत, डोळे पुसत, त्या भातवाढी घ्यायला उठल्या.