शनीला तेल वाहणारा ट्रक

ट्रकचे तेल गळायचे थांबले. पण हे घडलेच नाही असे समजून पुढे वाचावे. गावानेही तसेच ठरवले आहे.

त्या शनिवारी निफाडजवळच्या आमच्या गावात शनिमंदिरासमोर जत्रेएवढी गर्दी होती. मंदिराच्या पांढऱ्याशुभ्र फरशीवर माझ्या मोठ्या भावाचा, गोरक्षचा, कांद्याचा ट्रक रुईची माळ घालून उभा होता आणि त्याच्या पोटाखाली टपटप तेल पडत होते. लोक शनीला तेल वाहतात. इथे ट्रक स्वतःच वाहत होता, तेही रांग न लावता.

"गाडी गळत नाही, वाहते," जीवन महाराज माइकवर सांगत होते. दोन वर्षांपूर्वी ते मोबाइलला काचा बसवायचे. "आणि फक्त शनिवारी. गोरक्षभाऊ, बाकीचे सहा दिवस घरी थेंब तरी दिसतो का?"

"आपल्याला तर नाय दिसला," गोरक्ष म्हणाला.

"गाडी पुसायची मात्र नाही. पुसली की कृपा जाते."

काळे तेल बाटल्यांत भरून गुडघ्यांसाठी वाटले जाई. आमच्या घरी ते आईच्या पायाला लागत होते. आईला शुगर, तळपायाला जखम. रोज ड्रेसिंग करा, नाहीतर पाय जाईल, असे डॉक्टरांनी बजावले होते. तीन आठवडे ड्रेसिंग बंद, तेल चालू.

"आई, हे इंजिनचं तेल आहे."

"म्हणून तर. एवढा ट्रक चालतो त्याच्यावर, माझा पाय नाय चालायचा?"

हे शास्त्र मला शिकवलेले नव्हते. मी बीएस्सी आहे.

मी आमच्या गल्लीतल्या सविता मॅडमना गाठले. त्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकवतात. मंगळवारी त्यांनी आमच्या अंगणातल्या ट्रकखाली एक पुठ्ठा सरकवून ठेवला आणि बुधवारी सकाळी पुन्हा आल्या.

"इंजिनला हात कुणी लावला होता?"

"मीच. वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं. घरीच, व्हिडिओ बघून," गोरक्ष अभिमानाने म्हणाला.

"आणि तेल कधीपासून पडतंय?"

"त्याच्या नंतरच्या शनिवारपासून."

मॅडमनी बाह्या वर सारल्या. मग डिझेलने इंजिन धुतले, कोरडे पुसले आणि त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरली. पांढरे काही उडताना दिसताच शेजारी रांगेत उभे राहिले. सहादूकाकांनी चिमूटभर कपाळाला लावली.

"काका, पावडर आहे ती."

"वास बरा हाय."

दहा मिनिटे इंजिन चालले. पांढऱ्या पावडरीवर एक काळा ओघळ उतरला, थेट झाकणाच्या उजव्या कोपऱ्यातून.

"जिथून ठिबकतं तिथून गळत नसतं," मॅडम म्हणाल्या. "गळती वर असते. पुसल्याशिवाय ती सापडत नाही. म्हणून तर महाराज पुसू देत नव्हते."

झाकण उघडले. पॅकिंगच्या खाली करपलेला तांदळाचा एक दाणा दबून बसला होता. कुंकू अजून दिसत होते.

"झाकण बसवायच्या आधी आईनं पूजा केलती," गोरक्ष हळूच म्हणाला.

आई लंगडत आली, वाकली. "कोलम हाय. माझीच अक्षता."

"आणि शनिवारचं काय?" सहादूकाकांनी विचारले.

मॅडमनी पुठ्ठा ओढून दाखवला. मंगळवार ते बुधवार, सात काळे डाग. अंगणातली माती रोजचे तेल गुपचूप पीत होती. मंदिराची फरशी पीत नव्हती, एवढाच तिचा महिमा.

हे सगळे ऐकून महाराजांनी एकच प्रश्न केला, "पण दाणा नेमका तिथेच कुणी बसवला?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. दाणा आता मंदिरात काचेच्या डबीत आहे.

आई मात्र त्याच दिवशी ड्रेसिंगला गेली. पाय वाचला. तरी उशीर झालाच होता.

प्रति,
मा. सरपंच, ग्रामपंचायत.
विषय : चमत्कारांच्या पूर्वतपासणीबाबत.

महोदय, यापुढे गावात कोणताही चमत्कार जाहीर करण्यापूर्वी संबंधित वस्तू, प्राणी अथवा महाराज कोरडे पुसून, पावडर टाकून, दहा मिनिटे नीट पाहण्यात यावे. हात त्यानंतर जोडावेत. तसेच माझी आई श्रीमती रंगूबाई यांच्या उजव्या पायाची दोन बोटे मागील तारखेपासून परत मिळावीत, ही नम्र विनंती.